फॅक्सच्या रकान्यातली एकेचाळीस घरं

मित्रांनो, मी वीज कार्यालयातला एक जुना संगणक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव काही गोड नाही. दुसऱ्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात. मला डोळे नाहीत. एक पडदा होता, तोही साहेबांनी काढून घेतला. आता मी भंगाराच्या आवारात एका फुटक्या पंख्याशेजारी पडलो आहे आणि उद्या सकाळी माझ्या पोटातल्या तबकडीला ड्रिलने भोकं पाडणार आहेत. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगतो. मधे बोलू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे स्क्रू पिळले आणि लगेच पुढच्याचे पिळायला घेतले. तिने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. नंतर खोक्यात बसून मी वीज कार्यालयाच्या दुसऱ्या खोलीत आलो. तेव्हा मी पांढरा शुभ्र होतो. या शहरातल्या प्रत्येक घराचं नाव, पत्ता, मीटरचा क्रमांक आणि फोन माझ्या पोटात घातला गेला. पाणी खात्याचा संगणक शेजारच्या इमारतीत होता, त्याच्याकडे तीच माणसं पुन्हा लिहिलेली. घरपट्टीवाल्याकडे तीच, दवाखान्यातल्याकडे तीच. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कशाला बोलायचं? ज्याचा त्याचा संसार.

मला चालवायच्या त्या बाई. सगळं कार्यालय त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणतो. रोज सकाळी आल्या की पर्स खुंटीला, चष्मा नाकावर, आणि रुमालाने माझं तोंड पुसायचं. "काय रे, उठलास का?" म्हणायच्या. मी घुर्र करायचो. मला सुरू व्हायला सात मिनिटं लागायची, तेवढ्यात त्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवायच्या. सोळा वर्षांत त्यांनी मला एकदाही चापट मारली नाही. बाकी सगळ्यांनी मारली.

झाडूवाले काका तर माझी पिनच उपटायचे. त्यांना पाणी तापवायची किटली लावायची असायची ना! दोनदा माझं अर्धं काम वाहून गेलं. बाईंनी घरी तक्रार केली. त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. आमच्या दारावरची 'वीज कार्यालय' ही पाटीसुद्धा त्यांचीच. त्यांनी वीतभर पत्रा कापला, त्यावर लाल रंगात झोकदार अक्षरं काढली आणि बाईंनी तो पत्रा माझ्या डोक्यावर चिकटवला. 'बंद करण्याआधी विचारा.' काकांनी पाटी वाचली, मोठ्याने हसले, आणि त्या दिवसापासून खरंच विचारू लागले. "बाई, दोन मिनिटं काढू का?" "नको," बाई म्हणायच्या. मग काका बिनचहाचे झाडायचे. मला फार बरं वाटायचं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. एकदा दुरुस्तीसाठी एका भागातली वीज चार तास बंद केली होती. दुसऱ्या दिवशी तिथला बेकरीवाला आमच्या खिडकीशी आला. त्याच्या हाताला पीठ लागलेलं होतं. त्याची आई घरी श्वासाच्या यंत्रावर होती.

"लाइट जाणार हे आधी कळलं असतं, तर मी सिलिंडर आणून ठेवला असता हो," तो म्हणाला. "एक फोन. एवढंच. आता आई नाही. मीटर माझ्या नावावर करून द्या."

बाईंनी मीटर त्याच्या नावावर केलं. त्यांची बोटं माझ्या बटणांवर चार वेळा चुकली. वरून चौकशीचं पत्र आलं तेव्हा साहेब नुकतेच साहेब झाले होते. त्यांनी उत्तर पाठवलं: 'आजारी ग्राहकांची यादी ठेवण्याची या कार्यालयात तरतूद नाही.' ते पत्र माझ्यावरच टाइप झालं. तरतूद नाही, म्हणजे दोष नाही. साहेब सुटले.

बाईंच्या मात्र पोटात ते राहिलं. त्यांनी माझ्यात एक नवा रकाना मागितला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. मग एके दिवशी माझ्या पडद्याकडे बघता बघता त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. तिथे लिहिलं होतं 'फॅक्स'. मित्रांनो, फॅक्स म्हणजे फोनच्या तारेतून कागदाची नक्कल पाठवणारं यंत्र. तुम्ही ते पाहिलं नसेल आणि त्या घरांनीही पाहिलं नव्हतं. सगळ्या शहराचा तो रकाना रिकामा पडला होता.

बाईंनी तो भरायला घेतला. ज्या घरात श्वासाचं यंत्र आहे, त्या घरापुढे त्या आकडा टाकायच्या. वीज गेल्यावर त्या यंत्राची बॅटरी जितकी मिनिटं टिकते, तितका आकडा. कुणाचा साठ, कुणाचा पंचवीस. तीन घरं तर शून्याची होती. वीज बंद करायची असली की बाई माझ्याकडून त्या भागाचा कागद काढायच्या, शून्यापासून फोन सुरू करायच्या, आणि शेवटचा फोन झाला की उपकेंद्रावर लाइनमनला सांगायच्या, "हं, आता ओढा." तोवर लाइनमन खटक्याला हात लावायचा नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ फोन उचलेनात, तर बाई रिक्षा करून गेल्या आणि अख्ख्या बाजाराची दुरुस्ती तासभर थांबली. दुकानदारांनी शिव्या घातल्या. म्हातारे अंघोळ करत होते.

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. "मला काही सांगू नका, बाई. मी काही पाहिलं नाही. आपण लेखी दिलंय, यादी नाही म्हणून." दारापर्यंत जाऊन ते वळले. "पण चालू ठेवा." मला वाटतं, तेवढी एकच चांगली गोष्ट त्यांनी केली असेल, आणि तीही अर्धी.

बेकरीवाल्याच्या आईनंतर बारा वर्षांत या शहरात वीज बंद केल्याने एकही माणूस गेलं नाही. यंत्रं बदलली, माणसं बदलली, बाई आकडे बदलत राहिल्या. शेवटी घरं एकेचाळीस झाली. एकेचाळिसावं घर त्यांनी स्वतःच्याच हाताने भरलं. रंगाच्या वाफांनी यजमानांची छाती खलास झाली होती. ते पलंगाला लागले, नाकाला नळी आली. बाईंनी स्वतःचं घर शोधलं, फॅक्सच्या रकान्यात गेल्या आणि 'चाळीस' लिहिलं. मग रुमाल काढला. मला वाटलं माझं तोंड पुसणार. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं पुसलं.

त्याच वर्षी नकाशेवाली आली. तिचं काम होतं सगळ्या खात्यांच्या संगणकांचा एक नकाशा काढायचा आणि मग सगळ्यांना मिळून एकच सामाईक यंत्रणा द्यायची. तिने साहेबांच्या भिंतीवर चौकटींचा आणि बाणांचा भलामोठा कागद लावला. कोण कुणाकडून काय घेतो, कोणती गोष्ट सात ठिकाणी सात तऱ्हेने लिहिली आहे. एखादी विधवा घर बदलते तर सात खात्यांत सात अर्ज देते, हे तिने दाखवलं. यापुढे एकच नोंद, एकच खिडकी, एकाच ठिकाणाहून सगळ्यांना संदेश. खरं बोलायचं तर कल्पना उत्तम होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नकाशात मी कोपऱ्यातली एक चौकट होतो आणि माझ्यावर लाल फुली होती.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, निरोपाचं भाषण नको, शाल नको. फॅक्सचा रकाना तेवढा नव्यात जाऊ द्या."

"बाई, माझा शब्द," साहेब म्हणाले. बाईंनी विश्वास ठेवला. मीसुद्धा ठेवला, त्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी नकाशेवालीने माझे रकाने एकेक करून तपासायला घेतले. साहेब शेजारी बसले होते. ती शेवटच्या रकान्याशी आली आणि खुदकन हसली.

"हे काय हो? तुमच्या गावात एकेचाळीस घरांत फॅक्स? आणि नंबर चाळीस? पंचवीस?"

"जुना कचरा असेल," साहेब म्हणाले.

"मग हा रकाना सोडून देते. बरं, अजून एक. नव्या यंत्रणेत आम्ही एक खास जागा ठेवली आहे. घरात श्वासाचं यंत्र वगैरे असेल तर तिथे नोंद होते, आणि नोंद असली की माणसाने फोन केल्याशिवाय वीज बंदच होत नाही. तुमच्याकडे अशा लोकांची यादी आहे का?"

मित्रांनो, ऐकलंत ना? जागा होती. माझ्यापेक्षा चांगली जागा होती. तिने स्वतःहून विचारलं. साहेबांनी फक्त बोट दाखवायचं होतं. पण बोट दाखवलं असतं तर बारा वर्षांपूर्वीचं ते पत्र निघालं असतं, खोट्या रकान्याची चौकशी झाली असती, आणि साहेबांची बढती तोंडावर आली होती.

"अशी यादी आमच्याकडे नाही," ते म्हणाले.

तिने ती जागा रिकामी ठेवली आणि पुढे गेली. तिचा काय दोष? मला तेव्हा ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू? छे. मला वाटलं, बरं झालं! पडा तोंडावर. माझ्यावाचून अडलं की याल हातापाया पडत.

मला बंद केलं आणि खालच्या दालनात नेलं. तिथे आता सगळ्या खात्यांची मिळून एकच खिडकी होती. दाराजवळ मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता, त्यात मला टाकलं. बंद संगणकाला काही कळत नाही असा लोकांचा समज असतो. साहेबांचाही होता.

तीन महिने गेले. एका सकाळी पावणेदहाला बाई दारातून आत आल्या. त्या भराभर चालत होत्या. आदल्या दिवशी एकेचाळिसातल्या एका घरी, सुईणीच्या घरी, फोन न येताच वीज गेली होती; शेजाऱ्याच्या जनरेटरमुळे तिचा बाप वाचला होता. ते ऐकून बाई आल्या होत्या. त्यांना टोकन मिळालं त्रेसष्ट नंबरचं. खिडकीवर एक तरतरीत मुलगी बसली होती, तिचं चाललं होतं एकोणचाळीस.

बाईंना पाहून साहेब स्वतः बाहेर आले. "अहो बाई! रांगेत काय उभ्या? या, आत या." त्यांनी चहा मागवला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. आठवणी काढल्या, बाईंची तारीफ केली, यजमानांची चौकशी केली.

"शेजारीण बघून जाते. मी साडेदहाला परत येते म्हणून सांगितलंय," बाई म्हणाल्या. "साहेब, तो रकाना..."

"गेला ना, सगळं गेलं नव्यात. सुईणीकडे फोन करायचा राहिला असेल कुणाचा तरी. तुम्ही निश्चिंत राहा."

बाई निश्चिंत झाल्या. चहा संपवला. साहेबांनी बिस्किटं पुढे केली, भिडेखातर तीही खाल्ली. उठल्या, दारापर्यंत आल्या, आणि सोळा वर्षांची सवय आडवी आली. "एकदा डोळ्यांनी बघूनच जाते," म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. साहेब म्हणत होते, "अहो, कशाला..."

भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. खिडकीवरच्या मुलीने नंबर विचारला नाही, बाईंचं तोंड पाहून मीटरचा क्रमांक विचारला. टाइप केला. वाचलं.

"बाई, इथे काहीच नोंद नाही. ही जागा पूर्ण रिकामी आहे. अख्ख्या शहराची."

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? बघा, अडलं ना माझ्यावाचून, असं वाटून माझ्या आत काहीतरी उड्या मारत होतं.

"आणि तुमच्या गल्लीत आज दुरुस्ती आहे," मुलगी वाचत होती. "दहा वीसला वीज बंद केली. मेसेज गेलाय. पोचल्याची हिरवी खूण आहे."

"कुणाच्या फोनवर?" बाईंनी विचारलं.

मुलीने नंबर वाचला. तो यजमानांचा होता. मीटर त्यांच्या नावावर, म्हणून फोनही त्यांचाच. तो त्यांच्या उशाशी असायचा.

दहा वीस आणि चाळीस मिनिटं. बाईंना हिशोब करावा लागला नाही, तो आकडा त्यांनीच लिहिला होता. त्यांनी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेजारीण दहाला डोकावून, ते झोपलेत बघून कामावर गेली होती.

"लाइट लावा!" बाई ओरडल्या. सोळा वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "उपकेंद्रावर फोन करा कुणीतरी! साहेब!"

साहेब आत धावले. टेबलावर काळा फोन होता, उपकेंद्राचा नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी रिसीव्हर उचलला. मी पाहिलं. मग त्यांचा हात थांबला. पलीकडचा विचारणार, कुणासाठी? नोंद कुठे आहे? तुम्हाला कसं माहीत? त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "सिस्टीममधून विनंती टाका. प्रक्रियेनं होईल."

मुलीने विनंती टाकली. पडद्यावर आलं, 'आपली विनंती नोंदवली आहे. कृपया प्रतीक्षा करा.' ती तशीच उठली, खिडकी ओढून घेतली, बाईंचा दंड धरला आणि स्कूटरकडे पळाली. रांगेतले लोक ओरडत राहिले. "ही काय पद्धत झाली?" एक गृहस्थ म्हणत होते. "आम्हाला काय काम नाही?"

त्या अकरा वाजून सहा मिनिटांनी पोचल्या. हे मुलीनेच नंतर झाडूवाल्या काकांना सांगितलं. यजमान पलंगावरून अर्धे खाली आले होते. एक हात यंत्राकडे गेलेला होता. उशाशी फोनवर मेसेज होता, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' अकरा वाजून नऊ मिनिटांनी वीज आली आणि यंत्र आपोआप सुरू झालं. बाई त्या रिकाम्या नळीतून येणारी हवा ऐकत बसल्या होत्या.

चौकशी झाली. संदेश वेळेवर पाठवला होता, वेळेवर पोचला होता. सगळ्या खुणा हिरव्या. साहेबांनी लेखी उत्तर दिलं: 'आजारी ग्राहकांची यादी ठेवण्याची या कार्यालयात तरतूद नव्हती.' एक शब्द तेवढा बदलला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बढतीचे पेढे वाटले नाहीत, एवढी लाज त्यांना होती. बढती मात्र त्यांनी घेतली.

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. मला वाटलं, आता साहेबांची कॉलर धरणार. त्यांनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीवरच्या मुलीसमोर एक वही ठेवली. उरलेली चाळीस घरं त्या आठवून आठवून लिहीत होत्या. सव्वीस आठवली होती, दारोदार जाऊन आकडे ताडून आणले होते. मुलीने ती सव्वीस योग्य त्या जागी भरली. सामाईक यंत्रणेने ती एका झटक्यात घेतली, काही कुरकुर केली नाही.

"चौदा राहतात गं," बाई म्हणाल्या. "डोळ्यांपुढे रकाना येतो, पण नावं येत नाहीत. माझा तो जुना संगणक कुठाय? त्याच्यात आहेत."

मुलीने साहेबांकडे पाहिलं.

"तो केव्हाच भंगारात गेला," साहेब म्हणाले.

मी त्यांच्यापासून सहा पावलांवर होतो. मोडक्या खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून. आदल्या संध्याकाळी साहेबांनीच मला वळवून ठेवलं होतं. माझ्या डोक्यावरची लाल पाटी दिसू नये म्हणून. बाई वळल्या. रुमाल काढला, चष्मा पुसला आणि गेल्या. मी घुर्र करायचा प्रयत्न केला. पिन नसताना घुर्र करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हमाल आला. चांगला माणूस असावा. त्याने मला उचललं, पाटी वाचली आणि थबकला. "बंद करण्याआधी विचारा, असं लिहिलंय," तो म्हणाला, आणि खरोखरच विचारायला गेला. साहेबांकडे गेला.

"साहेब, हा नेऊ ना?"

"ने," साहेब म्हणाले. "आणि आतली तबकडी फोडून टाका म्हणावं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू काहीतरी मागत असतो. धूळ पुसा, तेल घाला, फेकून देऊ नका. मला तसलं काही नको. खुशाल फोडा मला. नवी यंत्रणा माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी मेल्याशिवाय कबूल करणार नव्हतो, ते आज करतो. पण माझ्या पोटात अजून चौदा घरं आहेत. चिंचोळ्या जिन्याच्या वरचे शिंपीकाका, पंचवीस मिनिटं. पाण्याच्या टाकीमागची शाळेतली जुनी संगीतशिक्षिका, पन्नास. पुलाजवळच्या दोन बहिणी, त्यातली धाकटी, तुमच्याएवढीच आहे, शून्य.

मंगळवारी पुलाजवळच्या गल्लीत दुरुस्ती आहे. त्यांना मेसेज जाईल. तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल, तर आज घरी जाताना त्यांचं दार वाजवा.